मुराळ्याले पाणी द्यावं, पत्ता नाही

विशाखाताई पडघान यांना मी प्रथम पाहिले, तेव्हा त्या एका माणसाच्या कानफटात मारत होत्या.

तो माणूस प्रिंटर बसवायला आला होता. घरच्यांपासूनच जिवाला धोका असलेल्या स्त्रियांना आसरा देणारी आमची संस्था वाशिमला, गावाच्या कडेला आहे. तेथे माझा तो पहिला दिवस. रिसोडच्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. ते काम सुटले तेव्हा चाळिशी उलटून गेली होती. मग संगणकाचे शिक्षण घेऊन मी या नव्या वाटेला लागले होते. नव्या जागी कोठे बसावे हे न कळल्याने कोपऱ्यातल्या खुर्चीवर, पर्स मांडीशी घट्ट धरून, मी कोणी काही विचारू नये अशी प्रार्थना करीत होते.

एवढ्यात फोन वाजला. प्रिंटरवाल्याने तो उचलून स्पीकरवर टाकला. पलीकडून एक गोड, पुणेरी वळणाचा आवाज म्हणाला, की मी मुख्य कार्यालयातून बोलते आहे, तुमचे खाते बंद पडण्याच्या बेतात आहे, तेव्हा पासवर्ड सांगा. प्रिंटर जोडण्यासाठी मिळालेला पासवर्ड त्याने सांगितला. एकेक अक्षर सुटे करून सांगितला, वर "आणखी काही लागलं तं कळवा, मॅडम" असेही म्हणाला. तेव्हा शेजारच्या खोलीचे दार भिंतीवर आदळले आणि कानाला फोन लावलेली एक रुंद बांध्याची बाई बाहेर आली. तिने फोन डाव्या हातात घेतला आणि उजव्या हाताने त्याला अशी एक ठेवून दिली, की तो प्रिंटरच्या खोक्यात जाऊन बसला.

"अबे, पासवर्ड काय पाण्याचा गलास हाय, आल्यागेल्याले द्याले?"

"फोनवर तुमीच होता व्हय ताई?"

"मी असो नाही तं तुही आजी असो! विचारलं का सांगतं?"

नंतर त्यांनी त्याला उठवून आपल्या डब्यातली भाकर आणि ठेचा खाऊ घातला. तो ठेच्याने रडत होता की माराने, हे मला समजले नाही. त्याचे खाणे चालू असताना त्यांची नजर माझ्याकडे वळली.

"आन् तू कोण वं? कोपऱ्यात उंदरावानी?"

मी नाव सांगितले. त्यांना ऐकू आले नाही. मी पुन्हा सांगितले. तेही त्यांना ऐकू आले नसावे.

"बरं हाय," त्या म्हणाल्या. "जिच्यातून स्वतःचं नाव निघत नाही, तिच्यातून दुसरं काय निघते!"

त्यांनी कोणाची केलेली याहून मोठी स्तुती मी पुढे कधी ऐकली नाही.

आमच्याकडे कोणती स्त्री राहते, तिला कोठे हलवले, कोणत्या नावाने ठेवले, ही माहिती त्या सुमारास संगणकावर जात होती. अनुदान देणाऱ्यांनी अट घातली होती, की माहिती सुरक्षेची व्यावसायिक परीक्षा उत्तीर्ण झालेल्या व्यक्तीच्याच हाती या माहितीच्या किल्ल्या राहतील. संस्थेत अशी व्यक्ती निघाली नाही, तर सारे काम बाहेरच्या ठेकेदाराकडे जाणार. ठेकेदार म्हणजे या प्रिंटरवाल्याचा मालक. परीक्षेला बसण्याजोगे लोक दोनच होते : विशाखाताई आणि मी. त्या थपडेमागे केवढे भय होते, हे अट समजल्यावर माझ्या ध्यानात आले. त्या माहितीत, संस्थेने लपवून ठेवलेल्या रेणूचा पत्ता होता. आणि रेणूची कोर्टातली साक्ष अजून व्हायची होती.

रेणूची हकीकत विशाखाताईंनी मला सलग कधीच सांगितली नाही. अभ्यास करताना मधूनच एखादा तुकडा त्या पुस्तकावर फेकीत, मग पुढचे आठ दिवस त्या विषयावर चकार शब्द काढीत नसत. त्या तुकड्यांतून मी ती जुळवली आहे.

विशाखाताई मूळच्या कारंजा तालुक्यातल्या धनजच्या. लग्नानंतर रिसोडला आल्या, पती लवकर गेले, आणि दाखले काढून देणाऱ्या एका खासगी केंद्रात त्या संगणकावर काम करू लागल्या. त्या केंद्रात चार माणसे होती आणि चौघांचा पासवर्ड एकच होता. एखादा उशिरा आला तर दुसरा त्याच्या नावाने काम सुरू करी. पासवर्ड लपवणारा माणूस तेथे चहा लपवून पिणाऱ्यासारखा हलका समजला जाई. रेणू तेथे रहिवासी दाखल्यासाठी आली होती. जातीबाहेर लग्न करून ती नवऱ्याबरोबर शिरपूर जैनला, देवळाच्या मागच्या गल्लीत भाड्याच्या खोलीत राहत होती. विशाखाताईंनी तिचा अर्ज भरला, पत्ता टाकला आणि "सुखी राह्य माय" म्हणून तिला वाटेला लावले.

पुढे दिवाळीच्या तोंडावर एक तरणा माणूस केंद्रात आला. खांद्याला पिशवी, पिशवीत नवी साडी, कागदात गुंडाळलेल्या बांगड्या, वर फराळाचा डबा. बहिणीला दिवाळीसाठी माहेरी न्यायला आलो आहे, पण पत्ता हरवला, असे तो म्हणाला. त्याने विशाखाताईंना आत्या म्हटले. आमच्याकडे मुलीला माहेरी न्यायला येणाऱ्याला मुराळी म्हणतात, आणि मुराळ्याला कोणी उंबऱ्यावरून परत पाठवीत नाही. घर चुकलेल्या मुराळ्याला वाट दाखवणे हे पुण्याचे काम. विशाखाताईंनी त्याला बाकावर बसवले, पाणी दिले, संगणकात पाहिले आणि गल्लीच्या खुणेसकट पत्ता सांगितला.

तो गेल्यावर त्या पेला उचलायला गेल्या. बाकाचे रेक्झिन चिरलेले होते. त्याची पिशवी जेथे टेकली होती, नेमके तेथे, आणि आतला स्पंज वर आला होता. त्यांनी त्या चिरेत बोटे घातली. साडी-बांगड्यांच्या पिशवीने रेक्झिन कसे फाटेल?

"बोटं घातली आन् मले समजलं," एवढेच त्या म्हणाल्या होत्या.

त्यांनी रस्त्यावर आडवे होऊन एक जीप थांबवली. शिरपूरला त्या गल्लीत पोचल्या तेव्हा खोलीचे दार सताड उघडे होते. रेणूचा नवरा उंबऱ्यावर पालथा पडला होता. त्याच्या मानेवरचा घाव पाहून त्याच्याकडे पुन्हा पाहण्याची गरज उरली नव्हती. नवी साडी त्याच्या रक्तात भिजत होती. रेणू चुलीमागे होती आणि भावाने कुऱ्हाड दुसऱ्यांदा उचलली होती. विशाखाताईंनी ती पात्याकडून धरली. पाते त्यांच्या उजव्या तळहातात हाडापर्यंत उतरले. त्यांनी मूठ उघडली नाही. लोक धावून येईपर्यंत त्यांनी ती उघडली नाही.

तो व्रण मी रोज पाहत असे. अंगठ्याच्या बुडापासून करंगळीपर्यंत आडवा, दोरीसारखा जाड, जांभळट. त्या हाताची बोटे पुरती मिटत नसत. त्यांनी कोणाला मारले की लोक म्हणत, पडघानबाईचा हात दगडासारखा लागतो. तो दगड हा होता.

केंद्रातल्या लोकांनी त्यांचे सांत्वन केले. तुमचे काय चुकले, भाऊ म्हणून आला, कोणीही सांगितले असते, असे सगळे म्हणाले. "हेच तं," विशाखाताई दात आवळून सांगत, "कोणीबी सांगतलं असतं. म्हणून तं मेलं ते पोट्टं." त्यांनी ते काम सोडले आणि रेणूला ज्या संस्थेत ठेवले होते, तेथे येऊन सांगितले, की येथली माहिती मी सांभाळीन.

आमचा अभ्यास दुपारी, जेवणानंतर, नोंदींच्या खोलीत चाले. पुस्तक इंग्रजी, आणि विटेपेक्षा जड. पहिल्याच दिवशी विशाखाताईंनी स्वयंपाकघरातून कोयता आणला, पुस्तक उंबऱ्यावर उभे धरले आणि त्याच्या पाठीवर घाव घालून त्याचे आठ तुकडे केले. मी शिक्षकी पेशातली. मला ते पाहवेना.

"ताई, अहो पुस्तक आहे ते!"

"मंग? अख्खा बैल कोणी गिळते काय? तोडूनच खावा लागते."

इंग्रजी त्यांना माझ्याइतके येत नसे, पण एखादी संकल्पना कळली की त्या तिला स्वतःचे नाव देत आणि मग पुस्तकाचे नाव उच्चारायला ठाम नकार देत. माणसाला गोड बोलून, नात्याची ओळख दाखवून त्याच्याकडून गुपित काढून घेण्याच्या प्रकाराला पुस्तकात लांबलचक नाव होते. विशाखाताई त्याला मुराळी म्हणत. "हा प्रश्न मुराळीचा हाय," "इथी मुराळी येते पाय." त्यांचा पहिला आणि शेवटचा नियम एकच होता : मुराळ्याले पाणी द्यावं, पत्ता नाही. संस्थेतल्या प्रत्येक नव्या बाईला त्या तो म्हणायला लावीत. चुकली की चिमटा काढीत; आणि तो चिमटा दुसऱ्या दिवसापर्यंत दिसत असे.

एका गोष्टीवरून मात्र आमचे भांडण झाले. खरे तर भांडण त्यांनी केले. मी खुर्चीत आक्रसत गेले. पुस्तकात असा प्रश्न होता, की आग लागली आणि वीज गेली, तर कुलूपबंद खोलीचे दार आपोआप उघडे व्हावे, की बंदच राहावे? उत्तर दिले होते : उघडे व्हावे, कारण माणसाचा जीव माहितीपेक्षा मोलाचा.

विशाखाताईंनी तो तुकडा भिंतीवर भिरकावला.

"दार उघडं होतं वं! तथी दार उघडंच होतं!"

"ताई, आत अडकलेली माणसं बाहेर निघावीत म्हणून..."

"आन् बाहेरचा आत आला तं? माणसाचा जीव मोठा म्हणते ना हे पुस्तक? मंग त्याच्यासाठीच तं दार बंद पायजे!"

"परीक्षेत आपल्याला काय वाटतं ते विचारत नाहीत," मी कशीबशी म्हणाले.

"मंग काय विचारतात?"

"त्यांना काय वाटतं ते."

"मंग त्यायलेच बसवा ना परीक्षेले! आमाले कायले बोलावता?"

मी हसले, आणि त्यांनी माझ्यापुढची खुर्ची लाथेने उलटी केली. मग त्यांनी खुर्ची सरळ केली, भिंतीखालून तुकडा उचलला, त्याची दुमडलेली पाने मांडीवर घासून सपाट केली. "आगीत मेलेलं माणूस म्या पायलं नाही," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "दारातून आत आलेलं पायलं हाय. लिही, काय लिवायचं ते लिही."

परीक्षा जवळ आली असताना रेणूचा भाऊ जामिनावर सुटल्याची बातमी आली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, भर दुपारी, संस्थेच्या फाटकापाशी एक म्हातारी येऊन उभी राहिली. डोक्यावर पदर, हातात पिशवी. ती रेणूची आई होती. फाटकाच्या सळ्या धरून ती म्हणाली, "मले आत नका घेऊ बाई. कोठी हाय तेबी सांगू नका. इतकं तिले देऊन द्या. अन् एकडाव लांबून दाखवा. मायच्या डोयाले दाखवा फक्त."

पहारेकरीण रडू लागली. माझेही डोळे भरून आले, हे मी लपवीत नाही. विशाखाताई आतून आल्या. त्यांनी सळ्यांमधून हात घालून ती पिशवी हिसकली, फाडली आणि उलटी केली. तिच्यातून साडी पडली. बांगड्या पडल्या. लाडवांचा डबा उघडून मातीत गेला. विशाखाताईंनी साडी झटकली, तिची घडी दातांनी उसवली, लाडू पायांखाली चिरडून पाहिले. पिशवीत दुसरे काही नव्हते. तेव्हा जणू काही नसल्याचाच राग येऊन त्यांनी हिरव्या बांगड्यांचा जोड उचलला आणि फाटकावर हाणला. एक काच म्हातारीच्या हातात घुसली. ती ओरडलीसुद्धा नाही. रक्त पाहत उभी राहिली.

"निघ!" विशाखाताई किंचाळल्या. "निघ इथून, नाही तं दगड घालीन डोक्यात!"

म्हातारी गेली. ती वळणावर पोचली तेव्हा चहाच्या टपरीआडून एक जीप निघाली आणि ती तिच्यात चढली. जीपमधून कोण आमच्या खिडक्या न्याहाळत बसले होते, हे सांगायला नको. रेणूला एकदा गच्चीवर आणून लांबून दाखवले असते, तर एवढी मोठी तयारी तेवढ्यावरच फळाला आली असती.

मी आत आले तेव्हा विशाखाताई मोरीपाशी बसून पायांना लागलेला लाडू खरवडत होत्या. मी पाणी दिले. थोड्या वेळाने मला धीर झाला.

"ताई, ती खरीच आई असेल. तिचं रडणं खोटं नव्हतं."

"खरंच होतं," त्या म्हणाल्या. "म्हणून तं भ्या वाटलं. खोटी माय असती तं चहा पाजला असता."

नंतर त्यांनी खराटा घेतला आणि फाटकापुढची काच स्वतः झाडली. प्रत्येक तुकडा वेचून होईपर्यंत त्या उठल्या नाहीत. बाईमाणूस अनवाणी येते, एवढेच कारण त्यांनी सांगितले.

परीक्षा नागपूरला होती. केंद्र एका चकचकीत इमारतीत, इतके थंड की शाल असावी असे वाटावे. पण शाल आत नेता येत नव्हती. घड्याळ, बांगड्या, रुमाल, केसातली पिनसुद्धा काढून ठेवावी लागली. चष्मा उलटसुलट करून पाहिला गेला. विशाखाताईंना हे सारे विलक्षण आवडले. "असं पायजे," त्या मला कोपराने ढोसून म्हणाल्या, "पाय, मुराळी शिरूच शकत नाही."

मग तळहाताची ओळख घेणारे यंत्र आले. त्यावर हात टेकवला की ते आतल्या शिरांवरून माणूस ओळखते. विशाखाताईंनी उजवा हात टेकवला. यंत्राने नकार दिला. पुन्हा टेकवला; पुन्हा नकार. टेबलामागचा मुलगा अदबीने म्हणाला, "मॅडम, तुमचा हात वाचता येत नाहीये."

"येते ना. कुऱ्हाडीनं लिवलेलं हाय, नीट वाच."

मुलाने व्रण पाहिला आणि मान खाली घातली. डाव्या हातावर काम भागले.

आत जाण्यापूर्वी आम्ही दोघींनी एका निवेदनाला संमती दिली, की परीक्षेत आलेला प्रश्न बाहेर कोणालाही सांगणार नाही. या परीक्षेत मागे वळता येत नाही. एकदा दिलेले उत्तर पुन्हा समोर येत नाही, आणि तुम्ही जसे उत्तर द्याल तसा पुढचा प्रश्न अवघड किंवा सोपा होत जातो. माझ्या पुढच्या रांगेत त्यांची रुंद पाठ दिसत होती. बराच काळ ती पाठ हलत होती. मग एका ठिकाणी ती थांबली. उजव्या हाताची अर्धवट मूठ टेबलावर आली, वर उचलली गेली, आणि ज्या ताकदीने ती खाली येईल असे वाटले त्या ताकदीने न येता हळूच माऊसवर टेकली. त्यांनी काहीतरी निवडले. पुढे त्या खूप भराभर काम करू लागल्या. माणूस जेथून निघून जायचे ठरवतो तेथला पसारा आवरतो, तशा.

बाहेर आल्यावर कागद मिळाला. मी उत्तीर्ण झाले होते. त्या झाल्या नव्हत्या.

आपण उत्तीर्ण झालो याची मला जितकी लाज त्या वेळी वाटली, तितकी आयुष्यात कोणत्याही नापास होण्याची वाटली नव्हती. विशाखाताईंनी माझा कागद हातात घेतला, स्वतःचा कागद त्यावर ठेवला, दोन्ही डोळ्यांजवळ नेऊन पाहिले. मी विचारायला तोंड उघडले.

"दाराचा आलता काय, हे विचारू नको," त्या म्हणाल्या. "सही केली हाय."

परतीच्या एसटीत त्या खिडकीशी बसल्या होत्या. मग एकाएकी, दुकानात सामान सांगावे तशा सुरात, बोलू लागल्या.

"उद्या किल्ल्या तुह्या हाती. पयलं काम, रेणूले हलव. आज हाय तथून दुसरीकडं. आन् कोठी नेली ते मले सांगू नको."

"तुम्हाला? ताई, तुम्हाला नाही सांगायचं, तर कोणाला..."

"कोणालेच नाही. मी नापास हाय ना? नापासाले कायचा पत्ता?"

"हा काय नियमाचा विषय आहे का?"

तेव्हा त्यांनी माझ्याकडे वळून माझे मनगट धरले. व्रणाची कड मला हाडाला लागली.

"आयक. ते लोक मले पकडतीन. आज नाही तं उद्या. गावातले म्हणतात, पडघानबाई लोखंडाची हाय, जीव जाईन पण बोलणार नाही. खोटं हाय ते. बोट मोडलं का माणूस बोलते. मीबी बोलीन. कुऱ्हाड धरली तवा इचार कराले टाईम नव्हता म्हणून धरली. टाईम देला असता तं पळाली असती. म्हणून म्हणतो, जे मले माहीतच नाही ते माह्यातून कसं निघन?"

मी मान हलवली. त्यांनी मनगट सोडले नाही.

"आन् मी रडत आली तरी सांगू नको. शपथ घातली, पाया पडली, तरीबी नाही. समज, मीच मुराळी."

दुसऱ्या दिवशी मी रेणूला हलवले. त्यानंतरच्या दिवसांत विशाखाताईंनी मला पाच-सात वेळा तरी आजमावले. कधी फोनवर आवाज बदलून, कधी "रेणूचं औषध राह्यलं वं, आणून देतो" म्हणत, एकदा तर खरोखर डोळ्यांत पाणी आणून. माझी जन्माची भीड या कामी आली. गप्प राहण्यासाठी मला काही वेगळे करावे लागत नसे. मी गप्प राहिले की त्या पाठीत एक गुद्दा घालीत. त्या गुद्द्यांनी माझी पाठ दुखत असे आणि मन उबदार होत असे.

साक्षीची तारीख लागली होती. रिसोडला सोयाबीनच्या हंगामाची गर्दी होती. बाजार समितीबाहेर, दिवसाढवळ्या, पोत्यांनी भरलेल्या वाहनांच्या रांगेत, विशाखाताईंना चौघांनी एका मेटाडोरमागे ओढले. पुढचे मला एका जीपवाल्याकडून कळले. त्याला ते सांगताना माझ्याकडे पाहवत नव्हते. चौघांनी रेणूचा पत्ता विचारला. त्या म्हणाल्या, मले माहीत नाही. डाव्या हाताचे एक बोट मोडले. मले माहीत नाही. दुसरे मोडले. तेव्हा त्या आकांताने ओरडल्या, की माहीत असते तर सांगितले असते रे, बुद्धाशपथ, सगळे सांगितले असते, मला नाही माहीत. त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. पडघानबाई बोलणार नाही, हे साऱ्या तालुक्याला ठाऊक होते. पाचही बोटे झाली. मग पोटात लाथा बसल्या, आणि जबड्यावर जीपचा जॅक. हमाल धावले तेव्हा मारणारे पळाले.

त्या खरे बोलत होत्या. आणि खरे सांगून सुटका होत नाही, याचा हिशेब आम्ही दोघींनीही एसटीत धरला नव्हता.

अकोल्याच्या दवाखान्यात मी त्यांना भेटले, ती रेणूच्या साक्षीची संध्याकाळ होती. मी कोर्टातून थेट तेथे गेले. त्यांचा जबडा तारेने बांधला होता. डोळे सुजून रेघांएवढे उरले होते. डावा हात कोपरापर्यंत प्लॅस्टरमध्ये होता. नाकातून नळी गेली होती, आणि पोटातला रक्तस्राव थांबत नाही, असे डॉक्टरांनी मला बाहेरच सांगितले होते. मी स्टुलावर बसले. माझा आवाज नेहमीप्रमाणे निघत नव्हता, म्हणून त्यांच्या कानाशी वाकले.

"ताई, रेणूनं साक्ष दिली. सगळं सांगितलं. भाऊ समोर उभा होता, त्याच्याकडे बोट दाखवून सांगितलं. एकदाही अडखळली नाही."

त्या रेघांमधून पाणी निघाले आणि कानाकडे ओघळले. छाती जोराने हलू लागली. बांधलेल्या जबड्यातून त्यांना काहीतरी म्हणायचे होते. फक्त घुसमटल्यासारखा आवाज आला. मला वाटले, त्यांना तिच्याविषयी विचारायचे आहे. या बाईने जिच्यासाठी दोन्ही हात दिले, ती आज रात्री कोणत्या छपराखाली झोपेल, एवढे तरी तिला कळावे, असे मला फार फार वाटले. खोलीत दुसरे कोणी नव्हते. दार मी लावून घेतले होते.

"ती सुखरूप आहे, ताई," मी म्हणाले. "आता ती..."

उजवा हात पांघरुणाखालून वर आला. तो माझ्या गालाला लागला, चाचपडत सरकला आणि माझ्या तोंडावर येऊन बसला. अर्धवट मिटणारी बोटे माझ्या गालात रुतली. आडवा, दोरीसारखा व्रण माझ्या ओठांवर दाबला गेला, इतका की ओठ दातांवर चिरडून तोंडात रक्ताची चव आली.

मी बोलणे केव्हाच थांबवले होते. त्यांनी हात काढला नाही.